बसतं म्हणून विकणाऱ्यास

हायवेलगतच्या कार ॲक्सेसरीजच्या दुकानाचे मालक यांस,

तुमच्या दुकानाबाहेरच्या फ्लेक्सवर लिहिलं आहे : 'एचआयडी झेनॉन किट, ५५ वॅट, ८००० के, सर्व गाड्यांना बसेल.' आकड्यांचा हिशेब पुढे करू. आधी शेवटचे तीन शब्द घेतो, कारण तुमचा सगळा धंदा त्यांच्यावर उभा आहे. किट बसतं, हे खरं. बल्बचं बूड एच४ च्या खाचांत नेमकं जावं म्हणूनच ते तसं घडवलेलं असतं. पण ज्या हेडलाइटात तुम्ही ते घुसवता, तो हेडलाइट त्या दिव्यासाठी बनलेला नाही आणि हे तुम्हाला पुरतं ठाऊक आहे. ठाऊक नसतं तर "समोरचे डिपर मारत राहतील, तुम्ही लक्ष देऊ नका," असं तुम्ही गिऱ्हाइकाला आधीच बजावलं नसतं. वायपर घ्यायला आलो होतो तेव्हा तुमच्या काउंटरपाशी उभं राहून हे वाक्य मी ऐकलं आहे. समोरच्याचे डोळे दिपणार हे विकायच्या आधीच माहीत असणं आणि तरी विकणं, याला चूक म्हणत नाहीत.

मी आयटीआयमध्ये वीजतंत्रीच्या पोरांना शिकवतो. तुमच्याकडे फिटिंग करणारी दोघं आमच्याच वर्कशॉपमधून बाहेर पडली आहेत. हे दिवे मी त्यांच्या हातात देऊन शिकवले. त्या हातांना तुम्ही आता जे काम लावलं आहे, ते पाहून मला संताप येतो, आणि तो लपवायची मला गरज वाटत नाही.

त्यांनी तुम्हाला सांगितलं नसेल तर मी सांगतो. तुमच्या किटातला दिवा डिस्चार्ज जातीचा आणि डिस्चार्ज दिव्यात फिलामेंट नसतं. दोन इलेक्ट्रोडांमधल्या वायूतून वीज जाते, तिथे आर्क पेटते आणि ती आर्कच उजेड देते. तिला आवरावं लागतं. प्रवाह वाढला की तिचा रोध घटतो, रोध घटला की प्रवाह आणखी वाढतो, आणि मधे प्रवाह आवरणारा चोक नसेल तर बघता बघता नळी फुटते नाहीतर फ्यूज उडतो. म्हणून या जातीचा दिवा कधी एकटा नसतो. दिवा, त्याचा चोक किंवा बॅलास्ट, त्याचा इग्नायटर आणि त्याचं फिटिंग, हे सगळं मिळून एक वस्तू. वर्गात मी पोरांपुढे दोन बल्ब ठेवतो : २५० वॅटचा मर्क्युरी आणि २५० वॅटचा सोडियम. दोघांचंही बूड जाड आट्यांचं, ई४०. होल्डरमध्ये दोन्ही बसतात. पण मर्क्युरीला पेटवायला त्याच्या आतच एक छोटा जादा इलेक्ट्रोड असतो. सोडियमला बाहेरून काही हजार व्होल्टचा ठोका देणारा इग्नायटर लागतो. मर्क्युरी सुमारे २.१ अँपिअर घेतो, सोडियम सुमारे ३. एकाच्या फिटिंगमध्ये दुसरा लावला तर पेटत नाही, पेटलाच तर नीट चालत नाही आणि लवकर मरतो. बूड जुळलं म्हणून दिवा जुळला असं होत नाही, हे आमचं पोर पहिल्याच वर्षी शिकतं. नगरपालिकेच्या खांबावर चढणारा वायरमनही जाणतो. तुम्ही मात्र तीच चूक जाणूनबुजून गाडीवर करता, आणि गाडीवर केलेल्या या चुकीत नुसता दिवा जात नाही.

या कुळातले तिघे आपण सगळ्यांनी रस्त्यावर पाहिले आहेत. निळसर मर्क्युरी, वॅटमागे पन्नासेक लुमेन देणारा. केशरी सोडियम, त्याच्या दुपटीच्या आसपास देणारा, पण ज्याच्याखाली हिरवी साडी मातकट दिसते. आणि मैदानांवरचा पांढराशुभ्र मेटल हॅलाइड, ज्यात पाऱ्याच्या जोडीला सोडियम, स्कँडियम अशा धातूंचे आयोडाइड क्षार घातलेले असतात. एलईडी आल्यापासून तिघेही खांबांवरून उतरू लागले. २०१५ मध्ये मरीन ड्राइव्हवर सोडियम काढून पांढरे एलईडी लावले तेव्हा मुंबईत इतका गदारोळ झाला की पुढे पिवळसर उजेड परत आणावा लागला. समुद्राकाठच्या उजेडाच्या रंगासाठी एवढं बोललं गेलं. घाटात डोळ्यांवर येणाऱ्या उजेडाबद्दल कोणीच बोलत नाही, म्हणून हे पत्र.

तुम्ही ज्याला झेनॉन म्हणून विकता तो याच मेटल हॅलाइडचा धाकटा भाऊ. १९९१ मध्ये बीएमडब्ल्यूच्या सेव्हन सिरीजमध्ये तो पहिल्यांदा आला. वाटाण्याएवढी क्वार्ट्‌झची कुपी, तिच्यात झेनॉन, पारा आणि क्षार, दोन इलेक्ट्रोडांत जेमतेम ४ मिलिमीटर अंतर. बॅलास्ट वीस हजार व्होल्टच्या वरचा ठोका देतो, झेनॉन तत्क्षणी पेटतो, त्या उष्णतेने क्षारांची वाफ होते आणि मग खरा उजेड येतो. रस्त्यावरचा सोडियम पूर्ण पेटायला काही मिनिटं घेतो. युरोपच्या नियमानुसार गाडीच्या या दिव्याने पहिल्या सेकंदात २५ टक्के आणि चौथ्या सेकंदापर्यंत ८० टक्के उजेड द्यायलाच हवा. स्थिरावल्यावर आर्कवर ८५ व्होल्ट, खर्च ३५ वॅट, उजेड ३२०० लुमेन. हा डी२एस. पुढे पारा वगळून डी४एस काढला, त्याच्या आर्कवर ४२ व्होल्ट असतात, म्हणजे बॅलास्ट वेगळा. तेव्हा बनवणाऱ्यांनी काय केलं ऐका : दोघांच्या बुडाच्या खाचा मुद्दाम वेगळ्या ठेवल्या, कोणी चुकूनही एकाच्या जागी दुसरा लावू नये म्हणून. न बसणं हीच तिथे सुरक्षेची सोय आहे. 'सर्व गाड्यांना बसेल' असं लिहून तुम्ही नेमकी तीच सोय मोडून टाकता.

आता तुमच्या गिऱ्हाइकाच्या गाडीतला मूळ एच४ हातात घ्या आणि एकदा नीट बघा. एका काचेत दोन फिलामेंटं, अपरचं ६० वॅटचं आणि डिपरचं ५५ वॅटचं. डिपरच्या फिलामेंटखाली पत्र्याची एक लहानशी वाटी आहे. ती शोभेची नाही. त्या फिलामेंटचा जो उजेड रिफ्लेक्टरच्या खालच्या अर्ध्या भागावर पडला असता, तो परतून वर, समोरच्याच्या डोळ्यांत गेला असता. वाटी तो तिथेच अडवते. वाटीची एक कड किंचित तिरकी असते, तिच्यामुळे उजेडाची वरची सीमा आपल्या डाव्या बाजूला थोडी चढते आणि कडेने चालणारा माणूस, मैलाचा दगड, गटाराची कड दिसते; उजवीकडे, जिथून गाड्या समोर येतात, ती सीमा आडवी आणि खाली राहते. रिफ्लेक्टरचा सगळा बाक त्या काही मिलिमीटरच्या सरळ तारेभोवती आखलेला आहे. तार अर्ध्या मिलिमीटरने सरकली तरी झोत बिघडतो.

तिथे तुम्ही आर्क बसवता. आर्क सरळ नसते. आतला वायू तापून वर जातो म्हणून ती कमानीसारखी वर वाकते, दोन्ही टोकांना सर्वात प्रखर असते आणि भोवती उजेडाचा धूसर ढग असतो. फिलामेंटच्या जागी ती नेमकी येतही नाही. तुमच्या महागड्या किटमध्ये तर कुपी लोहचुंबकाने पुढे-मागे सरकवून अपर-डिपर करतात. ती सरकपट्टी खड्ड्यांच्या रस्त्यावर किती दिवस जागेवर राहते, ते तुमच्याकडे दुरुस्तीला परत येणाऱ्यांना विचारा. मूळ डिपरचा उजेड सुमारे १००० लुमेन होता, आखीव. तुम्ही त्याच वाडग्यात ३००० च्या पुढे लुमेन ओतता, आणि त्यांना दिशा देणारं तिथे काहीच उरलेलं नसतं.

रिफ्लेक्टरमध्ये आर्क वापरायची असेल तर काय करावं लागतं, हेही बनवणाऱ्यांना माहीत होतं. त्यांनी डी२आर काढला. त्याच्या बाहेरच्या काचेवर अपारदर्शक पट्टे असतात, नको तिकडे जाणारा उजेड गिळायला, आणि त्याच्यासाठी रिफ्लेक्टरही वेगळा आखावा लागतो. पट्ट्यांमुळे ३२०० चे २८०० लुमेन होतात. समोरून येणाऱ्या अनोळखी माणसासाठी त्यांनी ४०० लुमेन सोडून दिले. शिवाय २००० लुमेनच्या वरचा दिवा असेल तर युरोपात गाडीला झोत आपोआप खाली-वर करणारी यंत्रणा आणि हेडलाइट धुणारा फवारा सक्तीचा झाला, कारण डिकीत वजन पडलं की गाडीचं नाक वर उठतं आणि काचेवर चिखल असला की उजेड पसरतो. एवढा खर्च टाळायचा तर उजेड कमी करा, असा सरळ हिशेब करून लहान गाड्यांसाठी २५ वॅटचे, २००० लुमेनचे दिवे आले. आणि तुम्ही तुमचं किट वडाप जीपला लावता! मागे दाटीवाटीने माणसं, टपावर पोती, मागची पाटी रस्त्याला टेकायला आलेली. त्या जीपचा झोत कुठे जातो हे पाहायला एकदा संध्याकाळी समोरच्या बाजूने चालत या.

आता आकडे. '५५ वॅट' म्हणजे ३५ वॅटच्या कुपीत जबरदस्तीने जास्त वीज. ती जास्त तापते, लवकर मरते आणि मरेपर्यंत जास्त दिपवते. '८००० के' हे तर तुमचं सर्वात मोठं असत्य. "जितके के जास्त, तितकी पॉवर जास्त," असं तुम्ही पोरांना सांगता. केल्विन हा उजेडाचा रंग सांगतो, त्याचा जोर नाही. हॅलोजन साधारण ३२०० चं, कंपनीतून आलेलं झेनॉन ४३०० च्या आसपास. त्याच्या वर जाल तसा उजेड निळा होत जातो, आणि तो निळा करण्यासाठी क्षारांचं मिश्रण बदललं की लुमेन घटतात. म्हणजे ८००० चं किट घेणारा जास्त पैसे मोजून कमी उजेड घरी नेतो. जो आकडा खरोखर कामाचा, तो लुमेनचा, तुमच्या खोक्यावर छापलेलाच नाही.

तरीही गिऱ्हाईक खूश होऊन जातं, हे मी पाहिलं आहे. त्याचं कारणही सांगतो, कारण या फसवणुकीत त्याचे स्वतःचे डोळे तुमचे साथीदार होतात. विस्कटलेल्या झोताचा मोठा भाग बोनेटच्या पुढच्या दहा-पंधरा मीटरवर पडतो. तिथलं डांबर लख्ख दिसतं. डोळा त्या लख्ख भागाला सरावतो, बाहुली आकसते, आणि लांबचा अंधार आणखी काळा होतो. ताशी ६० किलोमीटरच्या वेगाने गाडी एका सेकंदात १६ मीटरहून जास्त जाते. ज्या अंतरावर बैल दिसायला हवा ते अंतर तुमच्या किटने कमी केलेलं असतं आणि चालवणाऱ्याला मात्र आपल्याला जास्त दिसतंय असं मनापासून वाटत असतं.

पावसाळ्यात हे सगळं दुपटीने वाईट होतं. ओला रस्ता झोत परत डोळ्यांकडे फेकत नाही, तो पुढे, समोरच्याकडे सरकवतो. आंबोलीच्या धुक्यात निळा की पिवळा यावरून तुमच्या दुकानात वाद झडतात, पण धुक्याचे थेंब इतके मोठे असतात की रंगाने फारसा फरक पडत नाही. फरक पडतो तो झोताची वरची कड कुठे आहे याने. कड खाली असेल तर धुक्याखालून रस्ता दिसतो. नसेल तर पुढे पांढरी भिंत उभी राहते. तुमच्या किटला कडच नाही.

गेल्या पावसात परशुराम घाटात मी दुचाकीवर खाली उतरत होतो. वळणावर असाच एक निळा झोत समोर आला. मी वेग कमी केला, नजर डाव्या कडेला नेली, जे करायचं असतं ते सगळं केलं. तरी रस्त्याच्या कडेने डोक्यावर इरलं घेऊन चाललेली बाई मला दिसली ती हँडलजवळ आली तेव्हा. ती गटारात उतरली म्हणून वाचली. गाडीवाला थांबला नाही, त्याला काही घडलं हेही कळलं नसेल. ती गाडी तुमच्या दुकानातून निघाली होती असं मी म्हणत नाही. असं किट विकणारं दुकान आता प्रत्येक तालुक्यात आहे, एवढंच म्हणतो.

डोळे दिपतात म्हणजे नेमकं काय होतं? प्रखर उजेड डोळ्यातल्या भिंगात आणि द्रवात विखुरतो, आणि त्या विखुरलेल्या उजेडाचा पडदा दृष्टिपटलावर उमटणाऱ्या बाकी सगळ्या चित्रावर पसरतो. वय वाढेल तसं भिंग गढूळ होत जातं, मोतीबिंदू असेल तर विचारूच नका, आणि दिपल्यानंतर सावरायला लागणारा वेळही वाढतो. रात्रीची एसटी चालवणारा पन्नाशीचा ड्रायव्हर, बाजारातून मोपेडवर परतणारा म्हातारा, यांच्यासाठी तुमचं किट लावलेली गाडी गेल्यानंतरचे काही सेकंद रस्ता नसतोच. ते अंदाजाने चालवतात. त्यांच्या मागे बसलेली माणसंही त्या अंदाजाच्या भरवशावर असतात.

"रस्त्यावर दिवेच नाहीत, लोक काय करणार?" हा तुमचा प्रश्न मला माहीत आहे आणि त्यातली तक्रार खरी आहे. मुंबई–गोवा महामार्गाचं चौपदरीकरण दशकाहून अधिक काळ रेंगाळलं, वळवलेल्या रस्त्यांवर रिफ्लेक्टर नाहीत, पट्टे पुसले गेलेत, समोरून ट्रकवाला अपर सोडत नाही. तुमच्याकडे येणारा माणूस घाबरलेला असतो, त्याला उजेड हवा असतो. ही त्याची गरज अगदी रास्त आहे. म्हणूनच तिच्यावर अशी कमाई करणं मला अधिक नीच वाटतं.

कारण त्याला हवा असलेला उजेड तुम्ही नीट मार्गाने देऊ शकता. जुन्या गाडीत हेडलाइटची वीज बारीक वायरीतून, झिजलेल्या स्विचमधून फिरून येते आणि वाटेत व्होल्टेज पडतं. हॅलोजनचं असं आहे की व्होल्टेज १० टक्के पडलं तर उजेड ३० टक्क्यांच्या आसपास पडतो. जाड वायर आणि दोन रिले लावा, तो उजेड परत मिळतो. हेडलाइटची पिवळी पडलेली काच पॉलिश करा. काळवंडलेला बल्ब काढून चांगल्या कंपनीचा त्याच वॅटचा लावा. हे सगळं तुमच्या किटपेक्षा स्वस्तात होतं, आणि तुमच्याकडची दोन्ही पोरं ते डोळे मिटून करू शकतात; मीच शिकवलं आहे. नफा कमी असेल. पण तुम्ही नफ्यासाठी अडलेले नाही आहात, सीटकव्हर आणि म्युझिक सिस्टिमवर दुकान चालतं हे साऱ्या गावाला दिसतं.

कायदाही एकदा ऐकून ठेवा, कारण तो तुमच्या गिऱ्हाइकाच्या मानेवर आहे. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानुसार निर्मात्याने ठरवलेल्या तपशिलांशी विसंगत बदल गाडीत करता येत नाही. २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने केरळातल्या एका प्रकरणात हेच स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा बदल करणाऱ्या गाडीमालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दर बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली आहे. वडाप चालवून घर भागवणाऱ्या माणसाला तुम्ही ही जोखीम विकता आणि त्याला एका शब्दाने सांगत नाही. उलट बिलाच्या तळाशी छापता : 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही.'

माझ्या मागण्या स्पष्ट आहेत. फ्लेक्स उतरवा. हॅलोजनच्या हेडलाइटात किट बसवणं आजपासून बंद करा. दुकानासमोरच्या गोडाऊनची भिंत सपाट आहे आणि समोर जागाही आहे. तिच्यापासून १० मीटरवर गाडी उभी करायची, हेडलाइटच्या मध्याची उंची भिंतीवर खुणावायची, आणि डिपरची वरची कड त्या खुणेच्या साधारण १० सेंटिमीटर खाली आणायची. पुष्कळ गाड्यांत नेमका उतार हेडलाइटजवळच्या पट्टीवर टक्क्यांत छापलेला असतो. स्क्रू कुठे असतो ते पोरांना माहीत आहे. बल्ब बदलायला आलेली एकही गाडी ही तपासणी केल्याशिवाय सोडू नका. लागेल ती मोजपट्टी आणि लागतील तेवढे शनिवार मी द्यायला तयार आहे.

आणि बिलाच्या तळाची ती ओळ खोडा. बिलबुकाच्या नकलांवर ज्यांना ज्यांना किट विकलं त्यांचे मोबाइल नंबर आहेत. त्यांना बोलवा, जुने एच४ परत लावून द्या, पैसे परत करा. सुरुवात वडाप जीपवाल्यांपासून करा, ते रोज रात्री घाटात असतात.

— आयटीआयमधला वीजतंत्री शाखेचा निदेशक